देव आमचा आश्रय



१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. मुठेच्या पुराने पुण्यात शनिवार पेठ, नारायण पेठ बुडवली. आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतला वाळूची पोती रचत होते. धरण वाचले नाही. पण ते रात्री न फुटता सकाळी फुटले आणि असंख्य लोकांना उंच जागा गाठता आली.

स्तोत्र ४६ मध्येही पाणी गर्जते, डोंगर हलतात. देवाला आश्रय मानणारा स्तोत्रकर्ता संकट येणारच नाही असे म्हणत नाही. संकटात देव जवळ असतो, असे म्हणतो. मग घरे का वाहून गेली, माणसे का दगावली? याचे सोपे उत्तर आपल्याजवळ नाही. प्रभू येशूनेही क्रूसावरून ‘का?’ असे विचारले आणि तरीही स्वतःला पित्याच्या हाती सोपवले. देवाचा आश्रय घेणे ते हेच.

हा आश्रय पुष्कळदा माणसांच्या हातून पोहोचतो; कोणी पोते उचलतो, कोणी दार उघडतो. आपल्या धर्मग्रामात आज कोणाच्या घरात पाणी शिरले आहे? आजाराचे, कर्जाचे, एकटेपणाचे? या आठवड्यात अशा एका घरी जाऊन त्यांच्यासोबत प्रार्थना करू या, आणि रिकाम्या हाताने जायला नको.