चंद्रपृष्ठावरील मनोरे व त्यांच्या छाया

यंदा आमच्या शाळेच्या वादविवादसभेंत एक विषय मोठ्या हिरीरीनें चर्चिला गेला. चंद्राच्या छायाचित्रांत मनोरे, भिंती, पूल दिसतात असें कित्येक लोक सांगतात. तीं कोणा बुद्धिमान प्राण्याचीं कृत्यें असतील काय? होकारपक्षाच्या वक्त्यांनीं चित्रें पुढें केलीं, नकारपक्षाच्या वक्त्यांनीं त्यांची थट्टा केली, आणि मतें मोजलीं तेव्हां दोन्ही पक्षांत फारसें अंतर पडलें नाहीं. आम्हीं स्वतः नकारपक्षास मत दिलें. परंतु तें कां दिलें असें कोणीं विचारलें असतें तर त्या दिवशीं आम्हांस धड सांगतां आलें नसतें. थट्टा म्हणजे उत्तर नव्हे. ती उणीव भरून काढावी म्हणून हा लेख लिहीत आहों.

चंद्राकडे पाहून आकार कल्पिण्याची संवय माणसाला फार जुनी. आपण त्याला शशांक म्हणतों आणि मृगांकही म्हणतों. म्हणजे त्याच काळ्या डागांत एकाला ससा दिसला, दुसऱ्याला हरिण. दुर्बीण हातीं आल्यावरही ही संवय सुटली नाहीं. इ. स. १८२२ मध्यें म्यूनिक येथील ग्रुइथुइझेन या ज्योतिर्विदास श्रोएटर नांवाच्या विवराजवळ तटबंदीचें एक नगरच दिसलें, आणि १८२४ सालीं त्यानें तें प्रसिद्धही केलें. पुढें अधिक मोठ्या दुर्बिणींतून पाहणारांस तेथें ओबडधोबड टेंकड्यांच्या ओळी तेवढ्या आढळल्या.

याहून बोधप्रद गोष्ट 'सरळ भिंती'ची आहे, कारण तिच्यांत कोणाची लबाडी नाहीं व कोणाचा भाबडेपणाही नाहीं. चंद्रावरील 'मेघसमुद्र' नामक मैदानांत सुमारें ११० किलोमीटर लांबीची एक सरळ रेघ दिसते. तेथें सूर्य उगवत असतांना ती काळीभोर असते. मावळतीकडे कलला कीं तीच रेघ पांढरी चमकूं लागते. वास्तविक तो भूमीचा भ्रंश होय. पश्चिमेकडील बाजू दोन-तीनशें मीटर खालीं गेली आहे, आणि जिला भिंत म्हणतात तो चढण्याजोगा उतार आहे. सकाळीं त्या उतारावर छाया पडते, संध्याकाळीं त्यावर ऊन पडतें, एवढेंच. जो गृहस्थ फक्त सकाळीं पाहील त्याला ती भिंत उभी व भयंकर उंच वाटेल यांत नवल नाहीं.

"पण डोळा फसला तरी छायाचित्र फसत नाहीं," असें होकारपक्षाच्या एका वक्त्यानें टाळ्यांच्या गजरांत सांगितलें. खरोखर तसें असतें तर बरें झालें असतें! रशियाच्या 'लूना ३' या यानानें ऑक्टोबर १९५९ मध्यें चंद्राच्या पलीकडील बाजूचीं पहिलीं छायाचित्रें पाठविलीं. त्यांत एक लांब उजळ पट्टा होता. त्याला पर्वतरांग समजून 'सोविएत पर्वत' असें नांवही दिलें गेलें. मागाहून अधिक स्पष्ट चित्रें आलीं, तेव्हां कळून आलें कीं तेथें पर्वतच नाहींत. विवर उत्पन्न होतांना जी उजळ धूळ दूरवर उडते तिचा तो पट्टा होता. येथें चुकणारे लोक शास्त्रज्ञ होते, हें आमच्या पक्षाच्या वक्त्यांनींही ध्यानांत ठेवावें.

आतां सभेंत ज्यावर सर्वांत अधिक वाद झाला त्या चित्राकडे वळूं. अमेरिकेच्या 'लूनर ऑर्बिटर २' या यानानें २० नोव्हेंबर १९६६ रोजीं शांतिसागराच्या एका भागाचें चित्र सुमारें ४६ किलोमीटर उंचीवरून घेतलें. त्यांत कांहीं टोंकदार लांब छाया दिसतात. त्या पाहून बोईंग कंपनींतील विल्यम ब्लेअर यांनीं असें मत मांडलें कीं, हे सात सुळके भूमितीच्या नियमानें रचलेले दिसतात. वृत्तपत्रांनीं लगेच त्यांचे मनोरे केले.

यांत गणिताच्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या आमच्या वरच्या वर्गांतील कोणाही विद्यार्थ्यास स्वतः पडताळतां येतील. त्या वेळीं सूर्य क्षितिजावर अवघा ११ अंश होता. ११ अंशांची स्पर्शज्या कोष्टकांत पाहिली तर सुमारें ०.१९४ मिळते, म्हणजे सपाट जमिनीवर वस्तूची छाया तिच्या उंचीच्या पांचपटीहून अधिक पडणार. पंधरा मीटरांचा खडक ७७ मीटरांची छाया टाकील. जमीन पलीकडे उतरती असली तर छाया आणखी लांबेल, आणि आधीं खडकाचें टोंक निमुळतें असलें तर छायेला भाल्याचा आकार येईल. त्यांतील सर्वांत मोठा उंचवटा पायथ्याशीं सुमारें १५ मीटर रुंद व १२ ते २३ मीटर उंच असावा असें त्याच वेळीं सांगण्यांत आलें होतें. रुंदी व उंची जवळजवळ सारखी! असल्या वस्तूस आपल्याकडे धोंडा म्हणतात. मनोरा होता तो छायेंत.

दुसरी गोष्ट रचनेची. सात बिंदूंतून ३५ त्रिकोण होतात. इतक्या त्रिकोणांत एखादा जवळजवळ समद्विभुज व एखादा जवळजवळ काटकोन निघाला तर त्यांत रचनाकार शोधण्याचें कारण नाहीं. ज्यांस शंका असेल त्यांनीं मूठभर चिंचोके जमिनीवर टाकावे, कोणतेही सात निवडावे आणि पट्टी घेऊन बसावें. आम्हीं हें तीन वेळां केलें. तिन्ही वेळां 'नियमित' त्रिकोण सांपडले, आणि ते कोणीं रचले नव्हते हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें.

चंद्रावर आणखी एक अडचण आहे. तेथें हवा नाहीं, म्हणून दूरचे पदार्थ धूसर होत नाहींत. झाड नाहीं, घर नाहीं, म्हणून लहानमोठें ओळखण्यास मापही नाहीं. डिसेंबर १९२१ मध्यें नव्हे, डिसेंबर २०२१ मध्यें, म्हणजे इतक्या सुधारलेल्या काळांत, चीनच्या 'युतू २' या गाडीस क्षितिजावर एक चौकोनी 'झोंपडी' दिसल्याची वार्ता जगभर पसरली. ती अवघी ऐंशी मीटरांवर होती. गाडी सावकाश जवळ गेली आणि जानेवारी २०२२ मध्यें निकाल लागला: एक लहानसा दगड. त्याचा आकार मात्र सशासारखा होता, आणि युतू म्हणजे चंद्रावरचा पाचूचा ससा. आमचा शशांक पुन्हां एकवार हंसला असेल.

मग चंद्रावर कृत्रिम वस्तु मुळींच नाहींत काय? आहेत, आणि येथेंच वादाचा खरा निकाल लागतो. 'लूनर रेकॉनिसन्स ऑर्बिटर' या यानानें २००९ पासून अपोलो यानांचे उतरण्याचे भाग, त्यांच्या छाया, पुढें अंतराळवीरांच्या पाऊलवाटाही टिपल्या. सूर्य कोठेंही असो, त्या वस्तु आपल्या जागीं असतात. फक्त छाया फिरते.

भारताचें 'विक्रम' यान सप्टेंबर २०१९ मध्यें चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागांत उतरतांना नष्ट झालें. तो पराभव आपल्यापैकीं पुष्कळांनीं रात्र जागून पाहिला आहे. त्याचे अवशेष कोठें पडले हें कळेना. अमेरिकेनें त्या भागाचें १७ सप्टेंबर रोजीं घेतलेलें विस्तृत चित्र सर्वांकरितां खुलें केलें. चेन्नई येथील षण्मुग सुब्रमण्यन् या अभियंत्यानें तें व त्याच जागेचीं जुनीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेविलीं, आणि पूर्वीं नसलेला एक पांढरा ठिपका शोधून काढला. त्यानें पुस्तक छापलें नाहीं. ज्यांच्याजवळ अधिक चित्रें होतीं त्यांस पत्र लिहिलें. त्यांनींही जुनीं-नवीं चित्रें ताडून पाहिलीं, आणि २ डिसेंबर २०१९ रोजीं तो ठिपका विक्रमचाच तुकडा असल्याचें जाहीर झालें. मुख्य आघाताची जागा तेथून सुमारें ७५० मीटर आग्नेयेस होती. सप्टेंबरच्या पहिल्या चित्रांत ती जागा कोणास सहज ओळखतां आली नव्हती, कारण त्या वेळीं तेथें पुरेसा प्रकाश नव्हता. ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत अधिक चांगल्या प्रकाशांत पुन्हां चित्रें घेतलीं, तेव्हां ती दिसली.