तो प्रकाश कोणाचा?

दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर प्रकाश दिसेल काय? कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही. म्हणून अशा टकरीतून काही दिसू नये, असेच बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. जानेवारी २०१७ मध्ये या समजुतीची कसोटी लागली.

४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने गुरुत्वीय तरंग टिपले. सूर्याच्या सुमारे ३१ आणि १९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे, जवळजवळ ३०० कोटी प्रकाशवर्षे दूर, एकरूप झाली होती. तरंग नेमके कोठून आले, हे मात्र कळत नव्हते; आकाशाचा फार मोठा पट्टा संशयित होता. सुमारे २३ तासांनी हवाई बेटांवरील अ‍ॅटलास दुर्बिणीला त्याच पट्ट्यात एक नवा प्रकाशबिंदू दिसला. तो भराभर मंदावत होता. टकरीचाच प्रकाश असेल काय? (एवढ्या मोठ्या पट्ट्यात एखादा भलताच प्रकाश सापडणे मुळीच नवलाचे नाही, ही गोष्ट उत्साहाच्या भरात सहज विसरली जाते.)

भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील एका क्ष-किरण उपकरणाला टकरीच्या क्षणी संशयित पट्ट्याचा निम्मा भाग दिसत होता. त्यात काहीही नोंदले गेले नव्हते. पुढील नोंदी तपासताना मात्र गॅमा किरणांचा एक झोत आढळला. तो टकरीनंतर सुमारे २० तासांनी, म्हणजे अ‍ॅटलासच्या शोधाच्या तीनच तास आधी आला होता.

दीर्घ गॅमा किरण स्फोट सहसा प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळताना होतो. झोत काही सेकंदांत संपतो. पण त्याच्यामागून उरलेला प्रकाश, ज्याला पश्चदीप्ती म्हणतात, हळूहळू विझत जातो. अ‍ॅटलासचा बिंदू ही पश्चदीप्तीच असेल काय?

वेळ जुळत होती: मंदावण्याचा वेग उलट मोजला असता प्रकाशाचा आरंभ टकरीकडे नव्हे, त्या झोताकडे जात होता. परंतु केवळ वेळेवर विसंबणे धोक्याचे असते. गॅमा किरणांची दिशा ठरवणे कठीण; त्यासाठी एकमेकांपासून दूर असलेल्या यानांचा उपयोग होतो. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर असलेल्या विंड यानापर्यंत प्रकाश पोहोचण्यास पाच सेकंद लागतात. झोत कोणत्या यानाला किती आधी लागला, या फरकावरून आकाशात एक वलय आखता येते. अ‍ॅटलासचा बिंदू त्या वलयातच होता. क्ष-किरण आणि रेडिओ वेधांतही पश्चदीप्तीचेच गुण दिसले.

मुंबईच्या आयआयटीतील वरुण भालेराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला: टकरीशी या प्रकाशाचा संबंध नाही, दोन्ही घटना आकाशाच्या एकाच भागात येणे, हा योगायोग होता.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्या वेळी गुरुत्वीय तरंगांपाठोपाठ अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, आणि तेथील नाते मात्र खरे ठरले.