समाजमाध्यमे, स्वप्रतिमा आणि विद्यार्थी-अंकाचे पुनर्लेखन

स्वप्रतिमा म्हणजे आपले रूप, आपली कुवत आणि समाजातील आपले स्थान यांविषयी माणसाच्या मनात असलेले चित्र. ते घर, शाळा आणि सोबती यांच्या नजरेतून हळूहळू घडत जाते. स्वतःला जोखण्याचे वस्तुनिष्ठ माप हाती नसले की माणूस इतरांशी तुलना करून स्वतःविषयी मत बनवतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडले, आणि या मांडणीला सामाजिक तुलनेचा सिद्धान्त म्हणतात. एके काळी ही तुलना वर्गातल्या व पाड्यावरच्या माणसांपुरती असे. 2010 मध्ये सुरू झालेल्या इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांनी ती निवडून, उजळून मांडलेल्या असंख्य अनोळखी चेहऱ्यांपर्यंत नेली. विद्यार्थ्यांनी या विषयावर अंक काढावा, हे उचितच आहे. परंतु अंक हेही निवडून मांडलेल्या चित्रांचे आणि मजकुराचे माध्यम असल्यामुळे, ज्या दोषांवर तो बोट ठेवतो तेच दोष त्याच्या पानांत शिरू शकतात, आणि ते शोधून काढणे हेच पुनर्लेखनाचे मुख्य काम ठरते.

प्रस्तुत विवेचनाला भातसानगर परिसरातील अशाच एका अंकाच्या पुनर्लेखनाचा आधार आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा धरणालगतच्या, शहापूर तालुक्यातील या भागात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशा अनेक समाजांची वस्ती आहे. अंकाच्या पहिल्या खर्ड्यात मात्र यांपैकी कोणीच नव्हते. त्यातील लेख परदेशी शहरांतील मुलींच्या बारीक होण्याच्या हव्यासाविषयी होते आणि त्यांची भाषाही उसनी होती. विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलणे झाल्यावर निराळीच सल पुढे आली: सावळा रंग आपोआप उजळ करणारे फिल्टर, छायाचित्रात मागे दिसणारी कुडाची भिंत, चित्रफितीत ऐकू येणारा बोलीचा हेल आणि त्यावर येणारे ‘गावठी’ हे शेरे. रंगाचा न्यूनगंड तर समाजमाध्यमांहून जुना आहे; ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम 1975 पासून भारतात विकले जात होते आणि त्याच्या नावातील गोरेपणाचा शब्द 2020 मध्ये वगळण्यात आला, हे ध्यानात घेतले की फिल्टरने नवा न्यूनगंड निर्माण केला नसून जुन्यालाच बळ दिले, हे उमगते. म्हणून अशा अंकाची सुरुवात आपल्या गावातील तुलना नेमकी कशाची होते, या प्रश्नाने करावी, ही पहिली दक्षता.

दुसरी दक्षता आकडेवारीची. फेसबुक कंपनीचे अंतर्गत दस्तऐवज 2021 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने उजेडात आणले, तेव्हापासून ‘इन्स्टाग्राममुळे दर तीन मुलींपैकी एकीला स्वतःच्या शरीराविषयी अधिक वाईट वाटते’ हे वाक्य सर्वत्र फिरते आणि ते खर्ड्यातही होते. कंपनीने पुढे दिलेल्या स्पष्टीकरणानुसार या वाक्यामागचे 32 टक्के हे प्रमाण सर्व किशोरींचे नव्हते, तर शरीराविषयी आधीच अस्वस्थता असल्याचे सांगणाऱ्या किशोरींचे होते. यामुळे प्रश्नाचे गांभीर्य कमी होत नाही, पण विधानाचा अर्थ बदलतो. ग्रामीण भारतातील 14 ते 18 वयोगटाविषयीच्या ‘असर 2023’ अहवालात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे 44 टक्के मुलांकडे, तर सुमारे 20 टक्के मुलींकडेच स्वतःचा फोन असल्याचे आढळले. या पाहणीत महाराष्ट्रातून नांदेड जिल्हा होता, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा शहापूर तालुक्याला लावता येत नाही. परंतु भावाच्या किंवा वडिलांच्या फोनवर, त्यांच्या देखत समाजमाध्यम पाहणाऱ्या मुलीचा अनुभव कसा वेगळा असेल, हा प्रश्न त्यातून मिळतो. प्रत्येक टक्केवारीशेजारी ती कोणाची, कोठली आणि केव्हाची, हे लिहिल्याशिवाय ती छापू नये.

तिसरी दक्षता कार्यकारणाची आहे. दोन गोष्टी एकत्र आढळणे म्हणजे सहसंबंध, आणि एकीमुळे दुसरी घडणे म्हणजे कार्यकारणभाव. फोन जास्त पाहणारी मुले उदास असतील, तर फोनमुळे उदासी आली की उदासीमुळे फोन वाढला, हे केवळ सहसंबंधावरून ठरत नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांच्या 2019 मधील विश्लेषणात किशोरांच्या मनःस्वास्थ्यातील तफावतीपैकी जास्तीत जास्त 0.4 टक्के वाटा डिजिटल वापराशी जोडता आला, तर अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी) 2023 मध्ये याच विषयावर सावधगिरीचा जाहीर इशारा दिला. विद्यार्थ्यांनी या दोन्ही बाजू मांडाव्यात आणि बोलीतली गाणी किंवा ठाकूर समाजाचा कामडी नाच याच माध्यमातून दूरवर पोहोचवता येतो, तेव्हा तरुणांना वाटणारा अभिमानही नोंदवावा.

सर्वांत नाजूक भाग वर्गातील पाहणीचा आहे. ‘स्वतःला कुरूप समजता का?’ असा प्रश्न उत्तर सुचवतो आणि जखमही करतो. त्याऐवजी ‘छायाचित्र टाकण्यापूर्वी त्यात काय बदलता आणि का?’ असे विचारावे. लहान गावात नाव गाळल्याने ओळख लपत नाही, कारण पाडा, इयत्ता आणि एखादा प्रसंग एवढ्यावरून व्यक्ती कळते. म्हणून असे तपशील काढावेत किंवा अनेकांची उत्तरे एकत्र करून मांडावीत. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या डिजिटल माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. विद्यार्थी-अंकानेही तीच मर्यादा स्वतःहून पाळावी आणि पालकांबरोबर त्या मुलाचीही संमती घ्यावी. मुखपृष्ठावर गोऱ्या, रडवेल्या मुलीचे नेटवरून उचललेले चित्र टाकण्याऐवजी विद्यार्थ्यांनी काढलेली रेखाचित्रे वापरावीत, कारण दयेचा विषय म्हणून दाखवलेला चेहराही पुन्हा एक तुलनाच लादतो.

अंकाच्या शेवटी उपदेशापेक्षा उपयोगी माहिती असावी. मन फार खचलेल्या वाचकासाठी केंद्र शासनाची विनामूल्य ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर आणि बालकांसाठीची मदतवाहिनी 1098 वर आहे, हे ठळक छापावे. छपाईपूर्वी ज्यांच्या बोलण्यावर लेख उभे आहेत त्यांना ते वाचून दाखवावेत आणि एखाद्याला स्वतःचे वर्णन खुपले, तर ते वाक्य कितीही प्रभावी असले तरी काढून टाकावे. स्वप्रतिमेची काळजी वाहणाऱ्या अंकाने स्वतःच्या वर्णनावरचा हा हक्क आपल्याच वर्गमित्रांना नाकारला, तर त्याच्या बाकी सर्व म्हणण्याला आधार उरत नाही.