धानाची बांधी आणि मालगुजारी तलाव

नागपूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या आगगाडीने पावसाळ्याच्या अखेरीस प्रवास केला, तर खिडकीतून दोन गोष्टी सतत दिसतात : बांध्यांतून उभे असलेले धान आणि मधूनमधून चमकणारे तलाव. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पाच जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. ते येथेच एवढ्या संख्येने का बांधले गेले असतील?

पाऊस भरपूर, तरी धानाला ताण

नागपुरास वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे तो आणखी वाढतो. मग तलावांची गरज काय? याचे उत्तर पावसाच्या वेळापत्रकात आहे. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उशिरा पिकणारे भारी धान मात्र त्यानंतरही शेतात उभे असते. लोंबी बाहेर पडताना आणि दाणा भरताना त्याला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते. नेमका त्याच वेळी हस्ताचा पाऊस हुकला, तर दाणा पोचट राहतो आणि चार महिन्यांची मेहनत वाया जाते.

दुसरे कारण जमिनीत आहे. नागपूरच्या पश्चिमेस बेसाल्ट खडकापासून झालेली काळी माती आहे. ती ओल धरून ठेवते. म्हणून तेथे कापूस व ज्वारी जिरायती पिकतात. पूर्वेस मात्र अतिप्राचीन, कठीण खडक आहेत. अशा खडकांत विहिरींना पाणी बेताचेच लागते. परंतु येथे टेकड्यांच्या रांगा आणि मंद उतार आहेत. दोन टेकड्यांमधील अरुंद जागी मातीची पाळ घातली की तलाव तयार!

तलाव कुणी बांधले?

तलाव बांधण्याची ही परंपरा गोंड राजांच्या काळापासूनची मानली जाते. जो तलाव बांधील, त्याला जमिनीचा हक्क मिळे, असे सांगतात. या कामात कोहळी समाज विशेष निष्णात होता. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. पुढे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांकडे तलावांची मालकी आली. म्हणून हे 'मालगुजारी तलाव'.

त्यांची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. वर जंगल, त्याखाली तलाव, त्याखाली धानाच्या बांध्या. जंगलामुळे माती धुपून तलावात कमी येते. जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाते, नाही तर ते पाळीवरून वाहून पाळच फोडील. पुष्कळ ठिकाणी एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला किंवा बोडीला पाणी देतो. बोडी म्हणजे लहान तळे. पाळीतील मोरी उघडली की पाणी पाटाने, कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उताराने शेतात पोहोचते.

एक हिशेब करू

समजा, एका तलावाचे क्षेत्र २० हेक्टर आणि सरासरी खोली २ मीटर आहे. त्यात ४ लाख घनमीटर पाणी मावेल. गुरे, मासे आणि उन्हाळ्यातील बाष्पीभवन यांसाठी तळचा १ मीटर थर राखून ठेवू. उरले २ लाख घनमीटर. धानाला ७५ मिलिमीटरची एक, अशा दोन पाळ्या द्यायच्या, तर एका हेक्टरला १,५०० घनमीटर पाणी लागेल. पाटातील गळती सोडून दिली, तर सुमारे १३३ हेक्टर धान वाचेल.

आता तळाशी अर्धा मीटर गाळ साचला असे धरा. तलाव एक चतुर्थांशच भरला. पण राखीव थर तेवढाच लागणार. सिंचनाला उरले फक्त १ लाख घनमीटर, म्हणजे सुमारे ६७ हेक्टरांपुरते. गाळ पाव, पण सिंचन निम्मे! तलावाचे आयुष्य बांधण्याइतकेच गाळ काढण्यावर अवलंबून असते, ते असे.

मालकी बदलली, काळजी कुणी घ्यायची?

त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ साली तलाव सरकारकडे आले. कुळांवरील जुने ओझे उतरले, हे न्याय्यच झाले. परंतु पाळ दुरुस्त करणे, गाळ उपसणे, पाण्याच्या पाळ्या ठरवणे ही कामे कुणाची, हे गावाला स्पष्ट राहिले नाही. पुष्कळ तलाव उथळ झाले. काहींत बेशरम या झुडपाने ठाण मांडले.

अलीकडे प्रयत्न पुन्हा सुरू झाले आहेत. २०१७ साली राज्याने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. तलावातला गाळ शेतात गेला, की तलाव खोल होतो आणि शेत सकस. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवर मच्छीमारांनी बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या आहेत. माशांना त्यांचा आसरा मिळतो.

तलाव बांधणे हे एकदाचे काम आहे. तो राखणे हे दरवर्षीचे. आपल्या पूर्वजांनी पहिले काम करून ठेवले आहे. दुसरे आपल्या वाट्याचे आहे.

करून पाहा : आपल्या गावाजवळील तलावाची पाळ, सांडवा व मोरी ओळखून नकाशा काढा. गाळ शेवटचा केव्हा काढला, ते वडीलधाऱ्यांना विचारा. तलावाचे क्षेत्र व खोली मिळाली, तर वरचा हिशेब स्वतः करा. पाण्याच्या काठी मात्र शिक्षकांबरोबरच जा.