रणगाड्याचा नमुना आणि पाणी अडवणारी पट्टी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात रणगाड्याचे नमुने पुष्कळदा दिसतात. पुठ्ठ्याचे धड, काड्यापेटीचा बुरूज आणि वर हिरवा रंग, की झाला रणगाडा! असा नमुना दिसायला बरा असतो, पण तो काही शिकवत नाही. नमुना प्रमाणात असेल आणि त्यावरची प्रत्येक बारीक गोष्ट कशासाठी आहे हे तुम्हाला सांगता येत असेल, तर मात्र त्याच नमुन्यातून भौतिकशास्त्राचे दोन-तीन धडे सहज शिकता येतात.

आज आपण दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन शर्मन रणगाड्याचा नमुना करू या. समुद्राच्या पाण्यातून चालत किनाऱ्यावर जाण्यासाठी सज्ज केलेला हा रणगाडा आहे. त्याच्या सांध्यांवर पाणी अडवणारी पट्टी चिकटवलेली असे. ती कुठे लावत आणि का लावत, हे नमुना करता करता पाहू.

पट्टीची गरज का पडली?

शर्मनचे वजन सुमारे ३० टन. त्यात पाच माणसे बसत. काही विशेष तयारी न करता तो सुमारे १ मीटर खोल पाण्यातून जाऊ शके. पण सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी होडी जेथे थांबते, तेथे पाणी याहून खोल असू शकते. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातील तारावा येथे उतरताना काही शर्मन पाण्याखालच्या खड्ड्यांत सापडून निकामी झाले. इंजिनात पाणी शिरले की रणगाडा जागच्या जागी थांबतो आणि आतली माणसे शत्रूच्या माऱ्यात अडकतात.

यावर दोन उपाय करण्यात आले. इंजिन मागच्या बाजूला असल्याने तेथे पत्र्याची दोन उंच नळकांडी बसवली. एकातून हवा आत येई, दुसऱ्यातून धूर बाहेर जाई. दुसरा उपाय म्हणजे बुरुजाचा सांधा, तोफेच्या बुडाभोवतीची फट, झाकणांच्या कडा, अशा सर्व जागा कापडी पट्टी आणि चिकट लुकण लावून बंद केल्या. एवढ्या तयारीनंतर शर्मन सुमारे १.८ मीटर पाण्यातून जाऊ शकत असे.

प्रमाण ठरवू या

आपण १:२५ हे प्रमाण घेऊ. यात खऱ्या रणगाड्याचा १ मीटर म्हणजे नमुन्यातील ४ सें.मी. हिशेब सोपा आहे.

लांबी : खरी ५.८४ मीटर, नमुन्यात २३.४ सें.मी.
रुंदी : खरी २.६२ मीटर, नमुन्यात १०.५ सें.मी.
उंची : खरी २.७४ मीटर, नमुन्यात ११ सें.मी.
साखळपट्ट्याची रुंदी : खरी ४२ सें.मी., नमुन्यात १.७ सें.मी.

वजनाला मात्र २५ ने भागून चालणार नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही २५ पटींनी कमी झाल्या, म्हणून घनफळ २५ × २५ × २५, म्हणजे १५,६२५ पटींनी कमी झाले. ३०,००० किलोग्रॅमला १५,६२५ ने भागले की १.९२ किलोग्रॅम येतात. खऱ्यासारखा वागणारा नमुना एवढ्या वजनाचा हवा.

धड आणि पहिला प्रयोग

जाड पुठ्ठ्याच्या दोन पेट्या करा. खालची पेटी २२ × ७ × २.५ सें.मी., कारण तिच्या दोन्ही बाजूंना साखळपट्टे येतात. वरची २२ × १०.५ × ३ सें.मी. दोन्हींमधला भाग कापून त्या एकमेकींना जोडा. वरचे झाकण अजून बसवू नका. पुढच्या भागाचा उतार नंतर वेगळ्या पुठ्ठ्याने करता येईल. पाते चालवताना पोलादी पट्टीचा आधार घ्या आणि शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्यांना जवळ असू द्या.

धडाला आतून-बाहेरून तैलरंगाचे दोन हात द्या. रंग वाळल्यावर सर्व सांध्यांवर बाहेरून वॉटरप्रूफ टेप दाबून बसवा. गळक्या पत्र्यांसाठी लागणारी ही डांबरी किंवा रबरी चिकटपट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पृष्ठभाग कोरडा आणि धूळविरहित हवा. पट्टी ताणू नका, कारण ताणलेली पट्टी आखडते आणि कडेने सुटू लागते. कोपऱ्यात एक पट्टी दुसरीवर निदान १ सें.मी. चढवा.

आता घमेल्यात पाणी घेऊन धड त्यात सोडा आणि तळाशी लोखंडी नट एकेक करून ठेवत जा. धड हळूहळू खाली जाईल आणि एका क्षणी काठावरून पाणी आत येऊन बुडेल. धड आणि नट मिळून त्या वेळचे वजन सुमारे १.१ किलोग्रॅम भरेल. असे का? दोन्ही पेट्यांचे घनफळ ३८५ + ६९३ = १,०७८ घन सें.मी. आहे. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तेवढेच पाणी बाजूला सारले जाते आणि त्याचे वजन सुमारे १.०८ किलोग्रॅम असते. आपल्याला तर १.९२ किलोग्रॅम पेलायचे आहेत.

याचा अर्थ असा, की पट्टी कितीही चांगली लावली तरी शर्मन तरंगणार नाही. आपल्या ढोबळ मापांनी हिशेब केला, तर पूर्ण बुडालेल्या खऱ्या धडाला पाणी सुमारे १७ टनांनी वर उचलते. उरलेले सुमारे १३ टन साखळपट्ट्यांवर पडतात. म्हणूनच तो पाण्यात तळावरून चालू शकतो. पट्टीचे काम त्याला तरंगवण्याचे नव्हते. आतले इंजिन आणि माणसे कोरडी ठेवणे हे तिचे काम होते.

पट्टी बाहेरूनच का?

१ मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१ किलोग्रॅम असतो. आकडा लहान वाटतो. पण ५ सें.मी. रुंद आणि १ मीटर लांब पट्टीचे क्षेत्रफळ ५०० चौरस सें.मी. होते, म्हणजे तिच्यावर ५० किलोग्रॅमचा भार पडतो. पट्टी बाहेरून लावली असेल, तर हा भार तिला फटीवर अधिकच घट्ट दाबतो. तीच आतून लावली, तर फटीतून आलेले पाणी तिला उचकटू लागते.

दुसरा प्रयोग करून हे पडताळा. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या डब्यांच्या तळाला पेन्सिलीएवढे भोक पाडा. एका भोकावर साधी चिकटपट्टी बाहेरून लावा, दुसऱ्यावर आतून. दोन्ही डबे खोल बादलीत सरळ दाबून धरा आणि कोणती पट्टी आधी सुटते ते पाहा. मग दोन्ही डबे पुसून, नव्या पट्ट्या लावून, त्यांत काठोकाठ पाणी भरा आणि डबे उचलून धरा. या वेळी निकाल उलटा येईल. पाण्याच्या टाकीची गळती आतल्या बाजूने बंद करणे चांगले, ते याच कारणाने.

बारकावे

आता धडाचे झाकण चिकटवा. बुरूज जाड कागदाचे थर चिकटवून घडवा. तोफेचे तोंड ७५ मि.मी.चे होते, म्हणून नमुन्यात ३ मि.मी. भोकाची नळी घ्या. प्रत्येक बाजूला २ सें.मी. व्यासाची सहा चाके, दोन-दोनच्या जोड्यांनी बसवा. दात्यांचे चाक पुढच्या टोकाला येते.

सांध्यांवरच्या पट्ट्यांसाठी मात्र दुकानातली टेप वापरू नका. ती १.५ मि.मी. जाड असेल, तर आपल्या प्रमाणात ती जवळजवळ पावणेचार सेंटिमीटर जाडीची दिसेल! मलमपट्टीसाठी वापरतात ती पातळ कागदी चिकटपट्टी घ्या. काचेवर चिकटवून तिच्या २ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापा. खऱ्या रणगाड्यावर त्या ५ सें.मी. होतात. बुरुजाच्या सांध्याभोवती, तोफेच्या बुडाशी आणि झाकणांच्या कडांवर त्या चिमट्याने बसवा. वळणावर एक लांब पट्टी वाकवण्यापेक्षा लहान तुकडे एकमेकांवर चढवा. एखादी सुरकुती राहिली तर राहू द्या, कापड तसेच दिसते. पट्ट्यांना धडापेक्षा किंचित वेगळा मातकट रंग द्या.

मागची नळकांडी ड्रॉइंगच्या कागदाची करा. ती एवढी उंच असत, की तोफ मागे वळवताना आड येत. म्हणून किनाऱ्यावर पोहोचताच त्यांचा वरचा भाग टाकून देत. रणगाडा किनाऱ्यावर आल्यानंतरचा दाखवायचा असेल, तर नळकांडी काढा आणि बुरुजाभोवती पट्टीचे फाटके अवशेष दाखवा.

तरंगणारा शर्मन

रणगाडा तरंगवायचा तर जास्त पाणी बाजूला सारले पाहिजे. हंगेरीत जन्मलेले अभियंते निकोलस स्ट्राउस्लर यांनी रणगाड्याभोवती जलरोधक कापडाची उभी भिंत लावण्याची युक्ती काढली. आपल्या नमुन्याभोवती २३.४ × १०.५ सें.मी.ची भिंत उभारली, तर १.९२ किलोग्रॅम पेलण्यासाठी तो सुमारे ७.८ सें.मी. बुडेल. भिंत त्याहून उंच ठेवावी लागेल.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यासमोर असे २९ रणगाडे खवळलेल्या समुद्रात सोडण्यात आले. त्यांतील २७ बुडाले. भिंत शांत पाण्यासाठी होती, लाटांनी ती मोडून पडली. त्याच दिवशी इतर काही किनाऱ्यांवर मात्र असे अनेक रणगाडे पोहत पोहोचले. आर्किमिडीजचे तत्त्व दोन्हीकडे तेच होते. फरक लाटांचा होता.

भारतीय सैन्यातही शर्मन होते. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स या रेजिमेंटने ते वापरले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. सहल तिकडे गेली, तर मोजपट्टी आणि वही बरोबर न्या. फटी कुठे कुठे आहेत त्या टिपून घ्या आणि पाणी कोणत्या वाटेने आत शिरेल याचा विचार करा.

सोडवून पाहा

१. हाच नमुना १:३५ प्रमाणात केला, तर त्याचे वजन किती हवे?
२. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. आपल्या हिशेबातील १७ टन समुद्रात किती होतील?
३. बुरुजाच्या सांध्यावरची पट्टी काढल्याशिवाय रणगाड्याला लढणे अवघड का जाई?