पेटी खाली काढ



काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. पंचगंगेचं चित्र तू ब्लेडने उभं फाडलंस म्हणे, आणि रंगांची पेटी माळ्यावर टाकलीस. आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग झोपच आली नाही. बाळू, फाडलंस का रे?

पाणी चिखलासारखं झालं, असं तू आईला सांगितलंस. होणारच. ओल्या रंगावर ओला रंग तू तासभर घोटत बसतोस, तोही एकाच ब्रशने. हिरव्यात तांबडा गेला, त्यात पांढरा गेला, की दुसरं काय उरणार? अशा वेळी नाईफने तेवढा भाग खरवडायचा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचा आणि घरी यायचं. तैलरंग चुकलेलं पोटात घालतो, म्हणून तर तुला तो घेऊन दिला.

आणि घाटावर बसून तू बघतोस कुठे? समाधीमंदिरांचा दगडन् दगड काढलास, पाणी मात्र मनानेच निळं केलंस. डोळे किलकिले करून बघ. काळ्या दगडाचं प्रतिबिंब दगडापेक्षा थोडं उजळ असतं, आभाळाचं आभाळापेक्षा जरा गडद. पायाशी तळाचा गाळ दिसतो, पलीकडच्या काठाकडे नुसतं आभाळ. प्रतिबिंब उभं उतरवायचं, मग कोरडा ब्रश हलक्या हाताने आडवा फिरवायचा. एकदाच. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ ठेव, जवसाचं तेल वरच्या थरांत. उलटं केलंस तर पुढे भेगा पडतात. येईल सगळं हळूहळू. पण चित्रच ठेवलं नाहीस, तर कुठे चुकलं ते बघणार कशात?

चित्रकार आबालाल रहिमानांचं सांगतात ना, त्यांचे आश्रयदाते शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात टाकली. ते दुःख होतं. तुझा नुसता राग, आणि मला त्याचंच भय वाटतं, कारण तो माझ्याकडून आलाय.

तुला कुणी सांगितलं नसेल. विशीत मीही ह्याच घाटाचं चित्र केलं होतं. नावेची सावली जमेना, म्हणून एका सकाळी ते बंबात घातलं. त्या चित्रात खालच्या पायरीवर माझी आई धुणं धूत होती. चेहरा नव्हता, लाल लुगड्याचे दोनच फटकारे. पण वाकलेली पाठ तिचीच होती. ती म्हणाली होती, "असू दे, मला आवडतंय." त्याच पावसाळ्यात ती गेली. घरात तिचा एकच फोटो आहे, लग्नातला, मान खाली घातलेला. तुझे बाबा तेव्हा शाळेत होते. त्या चित्राबद्दल ते मला आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

फार बोललो. मनाला लावून घेऊ नकोस. मंदिरांच्या शिखरांवर तू टाकलेली ती संध्याकाळची पिवळी तिरीप मला कधीच जमली नाही.

तुकडे टाकले नसशील तर जपून ठेव, मागून कापड चिकटवून जोडता येतील. तेलात भिजलेल्या फडक्यांचा बोळा मात्र माळ्यावर ठेवू नकोस, तो आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळव. दिवाळीला मी येतोय. पहाटे घाटावर जाऊ. तू रंगव, मी शेजारी बसेन. ती पेटी तेवढी खाली काढ.

तुझा,
मोठा काका