तुझ्या वॉर्डातले सद्गुण

पिशोर, ता. कन्नड

चि. भाचीस,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवर बोलून उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. सध्या अद्रकीचं बेणं निवडणं चाललंय. माणसं दुपारी जेवायला गेली की तेवढा वेळ मोकळा मिळतो.

पवित्र जीवन जगायचं, असं तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. त्यासाठी तू यादीही केलीस: शुक्रवारी निर्जळी उपवास, रोज चारही रहस्यांची पूर्ण रोझरी, नाइट ड्यूटीवरून आल्यावर तासभर आराधना, सुटी मिळाली की रिट्रीट. आणि मला विचारलंस, मामा, आणखी कोणते सद्गुण मिळवायला हवेत? त्याच मेसेजच्या शेवटी, जाता जाता, तू लिहिलंस की एक म्हातारी पेशंट रात्रभर बेल वाजवते आणि परवा तू तिच्यावर सगळ्या वॉर्डासमोर ओरडलीस. मी तुझ्या यादीला नाही, या शेवटच्या ओळीला उत्तर लिहितोय. तुझी साधना तिथं सुरू होते.

छत्रपती संभाजीनगरचं आपलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्सचं चरित्र तू शाळेत ऐकलं असशील. आता ते पुन्हा वाच. १६०९ साली त्यांचं भक्तिजीवनावरचं जे पुस्तक निघालं, ते मठातल्या लोकांसाठी नव्हतं. नात्यातल्या एका संसारी बाईला लिहिलेल्या उपदेशपर पत्रांतून ते तयार झालं. शिपाई, कारागीर, घरधनीण यांना भक्ती जमत नाही हे म्हणणं त्यांना साफ नामंजूर होतं. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं पावित्र्याचं पाचारण सर्वांनाच आहे असं सांगितलं. या संताने साडेतीनशे वर्षांआधी तेच सांगितलं होतं. सद्गुणांबद्दल त्यांचा सल्ला असा, की आपल्याला आवडणाऱ्या सद्गुणापेक्षा आपलं कर्तव्य ज्याची मागणी करतं तो आधी धरावा. तुला उपवास आवडतो. तुझं काम सौम्यता मागतं.

सौम्यता म्हणजे मवाळपणा असं समजू नकोस. हे संत स्वभावाने तापट होते आणि तो राग ताब्यात आणायला त्यांना वर्षानुवर्षं झटावं लागलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. मार्टिन नावाच्या एका मुक्या-बहिऱ्या माणसाला कुणी धर्मशिक्षण देत नव्हतं. बिशप असूनही त्यांनी स्वतः त्याच्यासाठी खुणा तयार केल्या, त्याला शिकवलं आणि ख्रिस्तप्रसादासाठी तयार केलं. एका माणसासाठी एवढा वेळ! तुझ्या त्या आजींना धड बोलता येत नाही, पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, असं तूच लिहिलंस. बेल वाजवणं एवढंच त्यांच्या हातात उरलंय. त्यांना पाणी हवंय, कूस बदलायचीय की नुसती भीती वाटतेय, हे ओळखायला दोन-तीन खुणा ठरव. हँडओव्हर देताना पुढच्या सिस्टरलाही त्या सांग. रात्री फेरीवर जाताना बेल वाजायच्या आधी त्यांच्या कॉटपाशी थांब. मला जपमाळेची ओढ काही कमी नाही, पण ड्यूटीच्या वेळात मणी ओढण्यापेक्षा हे तुझं पहिलं काम आहे.

उपवासाचंही सांगतो. ख्रिस्तसभा १८ ते ५९ वयाच्या माणसाला राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी उपवास सांगते, आणि त्यातही एकदा पोटभर जेवायची मुभा ठेवते. आजारी माणसाला आणि कष्टाचं काम करणाऱ्याला तर सूट असते. बारा तासांच्या शिफ्टमध्ये तू पाण्याचा थेंब न घेता उभी राहणार, पहाटे चारला इंजेक्शनचा डोस मोजताना तुझे डोळे मिटणार, आणि त्याला तू भक्ती म्हणणार? विवेक हा सद्गुण याचसाठी आहे. बाकीच्या सद्गुणांना वाट दाखवायचं काम त्याचं. शुक्रवारी मटण सोड, मोबाइल सोड, कुणाबद्दलची कुजबुज सोड. पाणी पी. आणि कुठलाही कडक नेम धरायच्या आधी पापनिवेदनाच्या वेळी फादरांना विचार. स्वतःच्या मनाने घेतलेल्या व्रतात अहंकार कधी घुसतो, ते व्रत घेणाऱ्याला लवकर कळत नाही.

न्यायाबद्दल तू एक शब्दही लिहिला नाहीस. तो सद्गुण आपल्याला कोरडा, कोर्टकचेरीतला वाटतो. इथं आमच्याकडे बेणं निवडायला येणाऱ्या बायांची मजुरी बाजारच्या दिवशी सकाळीच हातात पडली पाहिजे. संध्याकाळी दिली तर त्यांचा बाजार हुकतो आणि आठवडाभर उधारीवर चूल चालते. पैसे तेवढेच देतो, पण उशिरा दिले तर तो अन्यायच. मजुरी अडवून ठेवणाऱ्याबद्दल याकोबाच्या पत्रात किती कडक लिहिलंय, ते काढून वाच. तुझ्या वॉर्डात मावशी आहेत, वॉर्डबॉय आहेत. आपलं काम त्यांच्यावर ढकलणं, चूक झाली की त्यांचं नाव पुढं करणं, डॉक्टरांशी एका आवाजात आणि मावशींशी दुसऱ्या आवाजात बोलणं, हे सगळं न्यायाच्या खात्यात येतं. एखाद्या रात्री न दिलेल्या औषधाची नोंद चार्टवर ‘दिलं’ अशी करायला कुणी सांगितलं, तर ‘नाही’ म्हणायला धैर्य लागेल. धैर्य म्हणजे फक्त रक्तसाक्षींचं, असं नाही.

पण रक्तसाक्षींचंही बोलू, कारण आता दवाखाना सोडून कॉन्व्हेंटात जावं असं वाटतं, असंही तू लिहिलंस. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना येशूसंघात जायचं होतं. जपानमध्ये त्या संघाच्या फादरांबरोबर त्यांनी काम केलं, तरी प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात पडले आणि तिथं त्यांचा जम बसला. पुढं मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून गेले. ते धर्मगुरू कधीच झाले नाहीत. १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेले. संतपद १८६२ साली मिळालं. लोक शेवटचा दिवस सांगतात. मला मधली वर्षं मोठी वाटतात: नकार पचवायचा, कडवट व्हायचं नाही, हाताशी आलेलं काम नीट करायचं, आणि तरी आशा सोडायची नाही. तुला देवाने खरंच बोलावलं असेल तर ते बोलावणं वर्षभरात विरून जाणार नाही. एका आजीला कंटाळून मात्र जाऊ नकोस. कॉन्व्हेंटातही म्हाताऱ्या सिस्टर असतात आणि त्यांच्या खोलीतही बेल असते.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला टोचलं. ‘मी इतकी वाईट आहे की माझ्याच्यानं हे होणार नाही.’ ही नम्रता नाही, बाळा. ही दुखावलेली ऐट आहे. आपण इतके चांगले असूनही पडलो कसे, याचा तो त्रागा. डी सेल्स तर सांगतात की सौम्यता स्वतःशीही ठेवावी. पडलो की स्वतःवर चिडत बसू नये, देवाची क्षमा मागावी आणि उठावं. अद्रकीच्या वाफ्यात पाणी साचून राहिलं की कंद सडतो, तसं हे स्वतःला दोष देत बसणं आहे. त्याला लगेच चर काढून वाट द्यावी लागते. तुझा चर म्हणजे पापनिवेदन. श्रद्धा, आशा, प्रीती हे तीन सद्गुण आपण कमावत नाही, देव देतो, असं ख्रिस्तसभा शिकवते. म्हणून तर पडलेल्या माणसाला उठता येतं.

बाकी शुद्धता, संयम यांचं तुला मी वेगळं सांगत नाही. तुझ्या आईनं ते नीट शिकवलंय आणि तू ते सांभाळतेस.

आता काय करायचं ते लिहितो. उद्या ड्यूटीवर गेलीस की त्या आजींची माफी माग. त्यांना समजो न समजो, माग. आणि वॉर्डासमोर ओरडलीस म्हणून वॉर्डासमोरच माग. रविवारी मिस्साआधी पापनिवेदन कर. यादी फादरांना दाखव, त्यांनी खोडलं ते खोडू दे. रोझरी सध्या पाच दशकांचीच, पण झोप झाल्यावर. कॉन्व्हेंटचं नाताळपर्यंत कुणाशी बोलू नकोस, फक्त फादरांशी आणि आईशी बोल.

सुटी मिळाली तर इकडे ये. घोगरगावला जाऊन येऊ. डी सेल्सच्याच नावाच्या संघाचे फादर गुरियन जाकिए फ्रान्समधून येऊन तिथल्या गोरगरिबांत राहिले, १९२२ साली तिथंच वारले, आणि त्यांच्या समाधीपाशी लोक अजून मेणबत्त्या लावतात. तारीख आधी कळव, म्हणजे त्या दिवशी शेतात माणसं लावणार नाही.

तुझा,
मामा